जुनी चॅलेंजर, नवी चॅलेंजर: टेप लावल्यावर काय दिसतं

प्रश्न असा आहे: "माझ्याकडे २०१८ ची डॉज चॅलेंजर आहे. आता १९७० ची घ्यायची आहे. जुन्या मसल कार म्हणजे बोटीएवढ्या, असं सगळे सांगतात. मग कार शोमध्ये तीच जुनी गाडी नवीच्या शेजारी एवढीशी का दिसते? मोठी नेमकी कोणती? आणि दोन्ही माझ्या दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये मावतील का?" (मसल कार म्हणजे मोठं, ताकदवान इंजिन बसवलेली अमेरिकन गाडी.) विचारणारे डेट्रॉइटजवळ राहतात. माझं कामही याच भागातलं, गाडीची बॉडी आणि पॅकेजिंग. पॅकेजिंग म्हणजे माणूस, इंजिन, चाकं, डिकी आणि पेट्रोलची टाकी यांना एका पत्र्याच्या आत जागा वाटून देणं. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमच्याच जोडीपासून सुरुवात करू. १९७० ची चॅलेंजर ४८५९ मिमी लांब, १९३३ रुंद आणि १२९३ उंच, तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २७९४. २००८ मध्ये पुन्हा आलेली चॅलेंजर ५०२२ लांब, १९२३ रुंद, १४४८ उंच, व्हीलबेस २९४६. तुमच्या २०१८ च्या गाडीत एखादा आकडा सेंटिमीटरभर इकडेतिकडे होईल, पण सांगाडा तोच. (सगळे आकडे आरसे सोडून. आरसे धरून छापलेल्या रुंदीवरून निम्मे वाद होतात, म्हणून आधीच सांगितलं.)

आता रुंदीचा आकडा परत बघा. नवी गाडी जुनीपेक्षा सेंटिमीटरभर अरुंद आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास फोन काढून खात्री करतो. लांबी १६३ मिमी वाढली, पण त्यातले १५२ मिमी एकट्या व्हीलबेसने खाल्ले. चाकांच्या पुढे आणि मागे जो भाग बाहेर येतो तो जवळपास तेवढाच राहिला. व्हीलबेस का वाढला याचं उत्तरही सरळ आहे. १९७० ची गाडी कूपे, म्हणजे दोन दारांची म्हणूनच आखलेली होती. नवी मात्र क्रायस्लर ३०० आणि चार दारांची चार्जर ज्या मोठ्या सेदानच्या प्लॅटफॉर्मवर (खालच्या सांगाड्यावर) उभ्या होत्या, त्याचाच व्हीलबेस १२० इंचांवरून ११६ वर आणून बनवली. म्हणून तिची मागची सीट खरोखर बसण्याजोगी आहे आणि डिकीत ४५९ लिटर सामान जातं. या जातीच्या गाडीत असली चैन विरळाच.

खरी वाढ उंचीत आहे. १५५ मिमी, टक्क्यांत सांगायचं तर बारा. लांबी तीन टक्क्यांनी वाढली आणि रुंदी वाढलीच नाही. माणूस गाडीशेजारी उभा राहतो तेव्हा तो लांबी मोजत नाही. टप आपल्या कुठे येतो आणि काच कुठून सुरू होते हेच त्याच्या डोळ्यात भरतं. जुनीच्या टपावर हात ठेवायला खांदा खाली सोडावा लागतो, नवीच्या टपावर हात सहज टेकतो. तुम्हाला कार शोमध्ये जुनी "एवढीशी" दिसते ती यामुळे.

मग फोटोत हे का कळत नाही? कारण डिझाइनवाल्यांनी चाकंही त्याच हिशोबात मोठी केली. १९७० च्या गाडीवर एफ७०-१४ टायर असायचा, चौदा इंची रिमवरचा, एकूण व्यास साधारण ६६-६७ सेंमी. २००८ च्या एसआरटी८ वर (चॅलेंजरची जास्त ताकदीची आवृत्ती) २४५/४५ आर२० आला, वीस इंची रिमवरचा, त्याचा व्यास सुमारे ७३ सेंमी. म्हणजे टायरही नऊ-दहा टक्क्यांनी वाढला आणि चाक व पत्रा यांचं प्रमाण डोळ्याला ओळखीचं राहिलं. झेरॉक्स मशीनवर एकशे दहा टक्के करून काढलेली प्रत असावी तसं. बाजूला माणूस किंवा दुसरी गाडी नसेल तर फसायला होणारच. विसाऐवजी पंधराचं रिम त्या गाडीला लावून बघा, बाजूच्या पत्र्याची भिंत किती उंच आहे ते एका क्षणात दिसेल. दाराखालची पट्टी काळी ठेवायची युक्ती आजच्या बऱ्याच गाड्यांत असते, तीही यासाठीच. काळा भाग सावलीत जमा होतो आणि डोळा त्याला गाडीत धरत नाही.

आत बसल्यावर फरक आणखी कळतो. जुन्या गाडीत डावी काच खाली करून कोपर बाहेर काढला की तो खिडकीच्या कडेवर आपोआप टेकतो, खांदा उचलावा लागत नाही. नव्या चॅलेंजरमध्ये आणि त्याहून जास्त शेव्हर्लेच्या २०१० च्या कॅमरोमध्ये तोच कोपर टेकवायला खांदा कानाकडे न्यावा लागतो. आमच्या धंद्यात याला बेल्टलाइन म्हणतात, काच आणि पत्रा जिथे भेटतात ती रेघ. एकूण उंची समजा पंधरा सेंटिमीटर वाढली. ती काचेला मिळालेली नाही, जवळपास सगळी पत्र्याला मिळाली. काच उलट अरुंद झाली. जुनी गाडी हलकी आणि सुटसुटीत भासते ती त्या मोठ्या काचांमुळे आणि बारीक खांबांमुळे. १९७० ची चॅलेंजर खरी हार्डटॉप होती: दोन्ही काचा खाली केल्या की मध्ये खांबच नाही. नवीत खांब आहे, फक्त काळ्या काचेआड लपवला आहे.

हा सगळा पत्रा हौसेने चढवलेला नाही. अमेरिकेत १९७३ पासून दारांच्या आत आडवा पोलादी दांडा घालणं नियमाने आलं. त्याच सुमारास टप किती दाब सोसतो याचा नियम आला: गाडीच्या वजनाच्या दीडपट. २००९ मध्ये तो बदलून तिप्पट केला आणि पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाला. तिप्पट वजन झेलणारा टप बारीक खांबांवर उभा राहत नाही. शिवाय बाजूने दुसरी गाडी येऊन आदळण्याची चाचणी, खांबांतल्या एअरबॅग, दारातले सेन्सर. दार जाड झालं, त्याची कड वर गेली. कड वर गेल्यावर रस्ता दिसावा म्हणून सीट वर आली, सीट वर आल्यावर डोक्यासाठी टप वर गेला. हे एकात एक अडकलेलं आहे. एक आकडा सोडवायला गेलं की चार हलतात. वजनही त्याच वाटेने चढलं. जुनी चॅलेंजर इंजिनानुसार साधारण दीड ते पावणेदोन टन, तुमची १.९ टनांच्या घरात.

आता "बोटीएवढ्या" या समजुतीकडे. ती खोटी नाही, पण भलत्या गाडीला चिकटवली जाते. साठच्या दशकात या गाड्यांचे दोन वेगळे आकार होते आणि आज बोलताना आपण दोन्ही एकाच पोत्यात टाकतो. फोर्डची मस्टँग, कॅमरो, बाराकुडा, चॅलेंजर या पोनी कार: लहान, दोन दारांच्या, लांब बॉनेट आणि आखूड डिकी. दुसऱ्या मध्यम आकाराच्या, अमेरिकन हिशोबातल्या मध्यम. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, जिच्यापासून मसल कारची गोष्ट सुरू झाली असं बहुतेक जण मानतात, ती ५१५६ मिमी लांब. शेव्हर्लेची १९७० ची शेव्हेल ५००९. १९६९ ची डॉज चार्जर तब्बल ५२८३. आणि याही त्या काळी "मध्यम"! कुटुंबाची गाडी म्हणून खपणारी १९६९ ची इम्पाला साडेपाच मीटरला भिडायची. लोकांच्या आठवणीतली बोट ती आहे.

म्हणून कोणी "जुन्या मोठ्या की नव्या" असं विचारलं की मी आधी विचारतो, कोणती जुनी आणि कोणती नवी? १९६५ ची मस्टँग नवीशेजारी उभी केली तर नवी राक्षस वाटेल. १९६९ ची चार्जर उभी केली तर नवी मस्टँग तिच्यापुढे अर्ध्या मीटरने आखूड भरेल. गंमत तुमच्याच गाडीची आहे. १९७० ची शेव्हेल ५००९ आणि नवी चॅलेंजर ५०२२. नाव पोनी कारचं, माप मध्यम गाडीचं. तुम्ही चालवता ती आकाराने चॅलेंजरपेक्षा शेव्हेलची वारस आहे, असं माझं मत. डॉजवाल्यांना सांगू नका.

मस्टँगचा इतिहास या बाबतीत सगळ्यात बोलका. पहिली, १९६४ च्या एप्रिलमध्ये आलेली, ४६१३ मिमी लांब, १७३२ रुंद, १२९८ उंच. आजच्या मानाने अगदी आटोपशीर गाडी. १९६७ ला ती जवळपास सात सेंटिमीटरने रुंद झाली. कारण प्रवासी नव्हते, कारण इंजिन होतं: ३९० घन इंचांचं मोठं व्ही८ दोन शॉक टॉवरच्या (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बुरुजांच्या) मधे बसवायचं होतं. १९७१ ला परत तेच. ४२९ घन इंचांच्या इंजिनासाठी पुढचा भाग रुंदावला आणि गाडी १८८२ मिमीवर गेली. चॅलेंजरही मुळात रुंद निघाली ती याच कारणाने. मोठी इंजिनं मावावीत म्हणून क्रायस्लरने तिच्या पुढच्या भागाला मध्यम गाड्यांचाच सांगाडा दिला. त्या काळात रुंदी इंजिन ठरवायचं, आज टायर आणि बाजूची टक्कर ठरवते.

१९७३ च्या मस्टँगला पाच मैल वेगाच्या धडकेचा बंपर लावावा लागला आणि नुसत्या नाकावर दहा-अकरा सेंटिमीटर वाढले. लांबी झाली ४९२३ मिमी. त्यानंतर आजतागायत एकही मस्टँग एवढी लांब झालेली नाही. २०२४ ची ४८११ आहे. १९७४ च्या मॉडेलला फोर्डचे तेव्हाचे अध्यक्ष ली आयकोका यांनी गाडी एकदम कापली: ४४४५ मिमी, व्हीलबेस २७६९ वरून २४४३ वर. ती दुकानात आली १९७३ च्या सप्टेंबरात आणि ऑक्टोबरात अरब देशांची तेलबंदी झाली. नशीब म्हणतात ते असं. हौशी लोक तिला नाकं मुरडतात, पण विकली गेली भरपूर. १९९४ ची मस्टँग ४६१० मिमी. म्हणजे तीस वर्षांनी गाडी लांबीत पहिल्या मस्टँगच्या बरोबर येऊन थांबली होती, तीन मिलिमीटर कमीच.

२०१५ ची घ्या: ४७८३ लांब, १९१५ रुंद, १३८२ उंच, व्हीलबेस २७२०. पहिल्या मस्टँगपेक्षा लांबी १७ सेंटिमीटरने जास्त, रुंदी १८ ने जास्त, आणि व्हीलबेस दोन सेंटिमीटरहून थोडा अधिक कमी! चॅलेंजरच्या बरोबर उलट. तिथे सगळी वाढ दोन चाकांच्या मधे झाली, इथे सगळी चाकांच्या बाहेर. माझ्या डोळ्याला नवी मस्टँग जुनीच्या जवळची वाटते ती यामुळेही असेल: चाकांतलं अंतर तेच, बाकीची गाडी त्याभोवती भरली.

इंजिनाच्या डब्यात तर फारच मजेदार प्रकार आहे. १९६८ च्या मस्टँगमधलं ३०२ आणि २०११ च्या मस्टँगमध्ये आलेलं पाच लिटरचं कोयोटी इंजिन, दोघांची क्षमता कागदावर सारखी, ३०२ घन इंच. पण कोयोटीच्या प्रत्येक हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) दोन-दोन कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारे दांडे आहेत, त्यामुळे वरचा भाग बराच रुंद. ते जुन्या मस्टँगमध्ये बसवायचं तर शॉक टॉवर कापून पुढचं सस्पेन्शनच बदलावं लागतं. जुन्या गाडीत नवं इंजिन घालणाऱ्या प्रत्येक गॅरेजला हे माहीत असतं आणि प्रत्येक हौशी मालकाला ते उशिरा कळतं. दिसायला जुन्या गाडीचं बॉनेट मैलभर लांब, त्याखाली दोन माणसं उभी राहतील एवढी जागा रेडिएटरपाशी, पण हवी तिथे बोटभर नाही.

कॅमरोबद्दल थोडक्यात. १९६९ ची ४७२४ लांब, १८८० रुंद. २०१० ची, ऑस्ट्रेलियातल्या होल्डनच्या मोठ्या सेदानच्या कुळातली, ४८३६ आणि १९१८. उंच आणि जड. २०१६ ला कॅडिलॅक एटीएसचा लहान प्लॅटफॉर्म घेतला आणि ती ४७८३, १८९७ आणि १३४९ वर आली. १९६९ च्या गाडीपेक्षा लांबीत सहा, रुंदीत दोन आणि उंचीत पाच सेंटिमीटरांचाच फरक. तिघींत मापाने मुळाशी सगळ्यात प्रामाणिक हीच. पण डिकी २५८ लिटरची, मागची सीट नावापुरती, आणि बाहेरचं दिसायचे वांधे. लोकांनी ती फारशी घेतली नाही आणि २०२३ च्या डिसेंबरात तिचं उत्पादन थांबलं. चॅलेंजरही त्याच महिन्यात थांबली, पण विक्रीत ती शेवटी कॅमरोच्या पुढे होती. गिऱ्हाईक लहान गाडी मागतं आणि मोठी घेतं.

याचं टोक म्हणजे २०२४ ची विजेवरची चार्जर डेटोना: ५२४८ मिमी लांब, २०२७ रुंद, दीड मीटर उंच, वजन साडेसव्वीसशे किलोच्या आसपास. मजल्याखाली सुमारे शंभर किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. तिच्या जाडीएवढी गाडी वर उचलली जाणार हे ओघानेच आलं. तरीसुद्धा १९६९ ची चार्जर तिच्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटरने लांब आहे, आणि वजन जेमतेम दोन तृतीयांश. या एका जोडीत सगळा इतिहास आला: लांबीला साठच्या दशकातच छत लागलं होतं, उंची आणि वजन मात्र वाढतच राहिलं.

पुण्या-मुंबईकडचे वाचक हे आकडे कशाशी ताडून बघतील असा प्रश्न पडतो, म्हणून जरा तिकडचं. भारतात २०१६ ला आलेली मस्टँग जीटी लांबीला फॉर्च्युनरएवढीच आहे, सेंटिमीटरभर कमी. रुंदीला मात्र सहा सेंटिमीटरने जास्त, आणि उंचीला पाऊण हातापेक्षा जास्त खाली. सोसायटीच्या गाळ्यात फॉर्च्युनर लावणारा माणूस मस्टँगही लावू शकेल. उतरणं वेगळी गोष्ट, त्यावर खाली येतो. आणि आपण जिला हौसेने देशी मसल कार म्हणायचो ती काँटेसा सुमारे ४.६ मीटर लांब होती. पहिल्या मस्टँगच्या अगदी जवळची लांबी, हे तिच्या चाहत्यांना मी मुद्दाम सांगतो.

आता तुमचं गॅरेज. लांबीची चिंता सोडा. तुमचं गॅरेज वीस फूट खोल आणि तेवढंच रुंद धरू, म्हणजे ६०९६ मिमी. तुमची नवी गाडी पाच मीटर. पुढे-मागे मिळून मीटरभर उरतो. जुनी तर त्याहून आखूड. १९६९ ची चार्जर घेतली असती तर पुढच्या भिंतीवरचं कपाट काढावं लागलं असतं.

अडचण रुंदीची, आणि तीही गाडीच्या रुंदीची नाही, दारांची. दोन दारांच्या गाडीचं दार चार दारांच्या गाडीपेक्षा बरंच लांब असतं, आणि चॅलेंजरचं जुनंही तसंच, नवंही तसंच. गाडी आत शिरली म्हणजे माणूस बाहेर पडू शकतो असं नाही. वीस फुटांच्या रुंदीत दोन्ही गाड्यांचे मिळून ३८५ सेंमी गेले, उरले सव्वादोन मीटर. ते तीन फटींत वाटायचे: दोन भिंतींकडच्या आणि मधली एक. समान वाटले तर प्रत्येकी ७५ सेंमी, आणि तेवढ्यात लांब दार अर्धवटच उघडतं. म्हणून समान वाटू नका. जुनी गाडी उजव्या भिंतीला चिकटवून लावा, कारण तिच्यात तुम्ही बहुतेकदा एकटेच बसणार. मग डावीकडची, म्हणजे अमेरिकेत चालकाच्या बाजूची फट मोठी मिळते आणि नव्या गाडीच्या प्रवाशालाही तीच कामी येते. जुन्या दाराची कड गोलाई नसलेल्या पत्र्याची आहे. भिंतीला किंवा शेजारच्या गाडीला लागली तर रंग जातो तो त्या दोघांपैकी एकाचा नक्की. दाराच्या कडेला येईल त्या उंचीवर भिंतीवर रबराची पट्टी मारून घ्या. आणि पुढेमागे वाइडबॉडी (चाकांवरचा पत्रा रुंदावलेली चॅलेंजर) घ्यायचा मोह झाला तर ती जवळपास दोन मीटर रुंद आहे, हा हिशोब परत करावा लागेल.

एकावर एक ठेवणारी चार खांबांची लिफ्ट घ्यायचा विचार असेल, तर वर जुनीच ठेवा. ती हलकीही आहे आणि रोज लागणारही नाही. खालची १४५ सेंमी, लिफ्टच्या पट्ट्यांची जाडी धरा १३, वरची १२९, आणि वर-खाली मिळून हात शिरेल एवढी मोकळीक दहा. बेरीज २९७. नऊ फुटी छत म्हणजे २७४, त्यात बसणार नाही. दहा फुटी म्हणजे ३०५, त्यात बसेल, पण गॅरेजच्या दाराचे रूळ मधे येतात. ते रूळ छताला समांतर वर चढवून घ्यावे लागतील, आणि दार उघडणारी मोटर छताच्या मधोमध लटकलेली असेल तर ती काढून दाराच्या बाजूला भिंतीवर बसवणारी घ्या. लिफ्टवाले हे विचारत नाहीत, गाडी वर गेल्यावर कळतं. पैसे देण्याआधी छत तीन ठिकाणी मोजा. काँक्रीटची जमीन दाराकडे उतरती असते, त्यामुळे आतल्या भिंतीपाशी छत दाराजवळच्यापेक्षा बुटकं निघतं.